डाउनलोड केलेल्या व्हिडिओ फायली डीव्हीडी प्लेअरवर: कोणत्या चालतात, कोणत्या नाही, अन् काहून

मोर्शीकर
वाचनालयात डीव्हीडी प्लेअर आहे, समोरून यूएसबी. टीव्ही २१ इंची डब्बा, जोडणी पिवळी-लाल-पांढरी वायर. पेन ड्राइव्ह १६ जीबी. संत्र्याची छाटणी, बोर्डो मिश्रण, खंजिरी भजन असे व्हिडिओ मोबाइलवर उतरवून त्यात टाकले. काही फायली यादीत दिसूनच नाही राहिल्या. काही दिसतात पण 'अनसपोर्टेड' येते. एकीचा आवाज येते, चित्र काळं. एक जुनी एव्हीआय फाइल मात्र नीट चालते. मंग सगळ्याच फायलींची नावं बदलून शेवटी एव्हीआय लावलं तर भागेल का? कॉम्प्युटर आहे, विंडोज १०, त्याला डीव्हीडी रायटर आहे.

डागकाम
नाव बदलून नाही भागत भाऊ. एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही ही वरची पिशवी. प्लेअरला मतलब आत कोणत्या पद्धतीनं चित्र दाबून भरलं आहे त्याच्याशी, म्हणजे कोडेकशी.

प्लेअरमधल्या चिपला ठरावीक कोडेकच उलगडता येतात आणि ते तिच्यात कायमचे बसवलेले असतात. डीव्हीडी बाजारात आली १९९६ मध्ये, तिचं कोडेक एमपेग-२. नंतरच्या प्लेअरमध्ये एमपेग-४ भाग २ आलं, ज्याला आपण डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड म्हणतो. प्लेअरच्या झाकणावर डिव्हएक्सचा शिक्का असेल तर तो हे वाचतो. मोबाइल आणि यूट्यूब बहुतेक वापरतात एच.२६४, म्हणजे एमपेग-४ भाग १०. ते २००३ चं, आणि नावात एमपेग-४ असूनही गणित पूर्ण वेगळं. खोक्यावर 'एमपेग-४ सपोर्ट' वाचून लोक एमपी४ फाइल लावतात आणि फसतात ते इथंच. एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ तर आणखी नंतरचे.

सगळ्यात आधी फाइल उघडून पाहा. कॉम्प्युटरवर व्हीएलसी या फुकट व्हिडिओ प्रोग्राममध्ये ती लावा, कंट्रोल आणि जे दाबा. चित्राच्या ओळीत एक्सव्हिड, डिव्हएक्स किंवा डीएक्स५० असेल तर चालण्याची आशा आहे. एच२६४ किंवा एव्हीसी१ दिसलं तर बदलून घ्यावीच लागेल. आवाजाची ओळही वाचा. एमपी३ आणि एसी३ चालतात. एएसी बऱ्याच जुन्या प्लेअरांना कळत नाही, तिथं चित्र येतं आणि आवाज नाही. डीटीएसचंही तसंच.

तुमच्या ज्या फाइलचा आवाज येते अन् चित्र काळं, तिचं चित्र एच.२६४ मध्ये असेल. किंवा कोडेक बरोबर असून आकार मोठा असेल. या चिपा ७२० रुंद आणि ५७६ उंच याच्या वर जात नाहीत. १२८० बाय ७२० चं एक्सव्हिडही त्या परत पाठवतात.

यादीत न दिसणाऱ्या फायलींचं कारण साधं आहे. प्लेअर फाइलच्या नावातली ठिपक्यानंतरची अक्षरं पाहून यादी करतो. एमकेव्ही आणि वेबएम त्याच्या यादीत नसतात, पुष्कळ प्लेअरांत एमपी४ सुद्धा नसते.

वैनगंगाकाठ
बरोबर. आता बदलायचं कसं ते लिहितो. फॉरमॅट फॅक्टरी किंवा एक्समीडिया रीकोड, दोन्ही फुकट आहेत. हँडब्रेक या कामाला घेऊ नका, त्यातून एव्हीआय २००९ पासूनच काढून टाकलं आहे.

फॉरमॅट एव्हीआय, व्हिडिओ कोडेक एक्सव्हिड. आकार ६२४ बाय ३५२. हा आकडा उगाच नाही. दोन्ही बाजू १६ नं भागल्या गेल्या पाहिजेत, नाहीतर काही चिपा कडेला हिरवी पट्टी दाखवतात. आणि ६२४ बाय ३५२ हे १६:९ च्या अगदी जवळ बसतं. ६४० बाय ३६० मध्ये ३६० ला १६ चा भाग जात नाही. जुनं ४:३ चित्र असेल तर ६४० बाय ४८०. बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती माहिती, १,५०० केबीपीएस, डब्बा टीव्हीला पुरून उरतं. आवाज एमपी३, १२८ केबीपीएस, ४८ किलोहर्ट्झ, आणि स्थिर बिटरेट. बदलता बिटरेट ठेवला तर एव्हीआयमध्ये आवाज हळूहळू पुढं-मागं सरकतो.

या हिशेबानं एक तासाला साधारण ७३० एमबी लागतात. तुमच्या १६ जीबीत वीस तास आरामात बसतील.

एक्सव्हिडच्या प्रगत सेटिंगमध्ये क्यूपेल आणि जीएमसी हे दोन्ही बंद. ते चालू असले की चित्र लोंबतं, नाहीतर 'नॉट सपोर्टेड' येतं. बी-फ्रेम एक, फार तर दोन. 'पॅक्ड बिटस्ट्रीम' बंद ठेवा, काही प्लेअर त्याच्यामुळं झटके देतात.

मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओचा आणखी एक घोळ असतो. मोबाइल उजेडाप्रमाणे फ्रेमचा वेग कमीजास्त करतो. सेटिंगमध्ये 'मूळप्रमाणे' न ठेवता २५ किंवा ३० असा ठाम आकडा द्या. नाहीतर दहा मिनिटांनी ओठ एकीकडे, आवाज एकीकडे.

डागकाम
यात एक भर. एफएफएमपेग या व्हिडिओ बदलायच्या प्रोग्रामनं थेट बनवलं तर तो फाइलवर 'एफएमपी४' असा शिक्का मारतो. आतलं चित्र एकदम ठीक असतं, पण प्लेअर तो शिक्का ओळखत नाही आणि फाइल नाकारतो. टॅग 'एक्सव्हिड' असा द्यायचा, की तीच फाइल चालते. तयार झालेल्या फाइलचा शिक्का नंतरही बदलता येतो, पुन्हा सगळी फाइल बदलायची गरज नाही.

मोर्शीकर
समजलं. पेन ड्राइव्हबद्दल पण सांगा. १६ जीबीचा प्लेअरला दिसते, ६४ जीबीचा लावला तर 'नो यूएसबी' येते. अन् फायलींचा क्रम उलटसुलट दिसून राहिला. नावाआधी ०१, ०२ टाकूनही.

पूर्णाखोरे
पेन ड्राइव्हवर फायली मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, ६४ जीबीचा बहुधा एक्सफॅटमध्ये येतो. प्लेअरला फक्त फॅट३२ कळतं. एनटीएफएसही नाही. विंडोज १० च्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच येत नाही. उपाय असा: डिस्क मॅनेजमेंट उघडा, पेन ड्राइव्हवरचं व्हॉल्यूम डिलीट करा, ३०,००० एमबीचं नवं व्हॉल्यूम करा आणि त्याला फॅट३२ द्या. उरलेली जागा तशीच सोडा. करण्याआधी आतलं सगळं दुसरीकडे उतरवून घ्या आणि ड्राइव्हचं अक्षर दोनदा तपासा, नाहीतर कॉम्प्युटरची डिस्क पुसली जाईल.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. 'जागा आहे तरी कॉपी होत नाही' हे त्यामुळं.

क्रमाचं म्हणाल तर हे प्लेअर नावं लावून घेत नाहीत. ज्या क्रमानं फायली पेन ड्राइव्हवर लिहिल्या गेल्या तोच क्रम दाखवतात. पेन ड्राइव्ह रिकामा करा आणि एकएक फाइल क्रमानं कॉपी करा. शंभर फायली असतील तर ड्राइव्हसॉर्ट किंवा फॅटसॉर्ट नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो यादी नावाप्रमाणे लावून देतो. नावं इंग्रजी अक्षरांत आणि आखूड ठेवा. मराठी नावाच्या जागी चौकोन दिसतात, आणि काही प्लेअर तशी फाइल उघडतही नाहीत.

हार्डडिस्क लावायचा विचार असेल तर सोडा. यूएसबीतून मिळणारा करंट ५०० मिलिअँपिअरच्या आसपास धरतात, जुन्या प्लेअरमध्ये तोही पूर्ण येत नाही. डिस्क टकटक आवाज करते आणि फिरत नाही.

पण माझं एकूण मत वेगळं आहे. गावात चार घरी, शाळेत, मंडळात फिरवायचं असेल तर एव्हीआयच्या नादी लागू नये, खरी डीव्हीडी बनवावी. एव्हीआय एका प्लेअरवर चालते, शेजारच्यावर नाही. व्हिडिओ-डीव्हीडी नियमात बनवली तर प्रत्येक प्लेअरला ती वाचता आलीच पाहिजे, त्यासाठीच तो बनला आहे.

डीव्हीडीस्टायलर घ्या, फुकट आहे. नवा प्रोजेक्ट करताना पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), १६:९, आवाज एसी३. फायली आत ओढा, एच.२६४ असली तरी चालते, तो स्वतः एमपेग-२ करून घेतो. 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर तयार होतो. त्यातल्या आयएफओ, बीयूपी, व्हीओबी फायलींची नावं अजिबात बदलू नका.

बिटरेटचा हिशेब हातानं करता आला पाहिजे. डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं, म्हणजे ४७० कोटी बाइट. विंडोज त्यालाच ४.३७ जीबी म्हणतो, जागा तीच. ४७० कोटी गुणिले ८, म्हणजे ३,७६० कोटी बिट. त्याला सेकंदांनी भागायचं. दोन तासांना ७,२०० सेकंद, उत्तर सुमारे ५,२०० केबीपीएस. त्यातले पाच टक्के बांधणीला आणि १९२ आवाजाला सोडले की चित्राला ४,७०० उरतात, झकास दिसतं. तीन तासांना ३,१०० उरतात, ठीकठाक. चार तासांना जेमतेम २,२५०. तिथं ७२० बाय ५७६ ठेवलं तर हालचालीत चौकोन फुटतात. अशा वेळी ३५२ बाय ५७६ घ्या. तो आकार डीव्हीडीच्या नियमात बसतो आणि डब्बा टीव्हीवर फरक फार जाणवत नाही. वरची हद्द चित्राला ९,८०० ची आहे, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर ७,००० च्या पुढं जाऊ नये. जुनं लेन्स वाचता वाचता अडखळतं.

वैनगंगाकाठ
डीव्हीडी सगळीकडे चालते हे मान्य. पण कोऱ्या डिस्क आता तालुक्यालाही पटकन मिळत नाहीत, आणि पेन ड्राइव्ह पुन्हा पुन्हा भरता येतो. वाचनालयात एकच प्लेअर असेल तर मी एव्हीआयच म्हणेन. फिरवायचं असेल तर तुमचं बरोबर.

आमच्या वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकांची शूटिंग असते, रात्रभराची. मंडळानं परवानगी दिलेलं रेकॉर्डिंगच घ्या आणि वाटा, त्यांचा हंगाम तिकिटावर चालतो. अशा लांब फाइलला अंकाप्रमाणे तोडा. लाइन गेली की प्लेअर जागा विसरतो, तीन तासांची एक फाइल असेल तर पुन्हा शोधत बसावं लागतं. डीव्हीडी बनवत असाल तर दर पाच मिनिटांना चॅप्टर टाका, रिमोटवर 'नेक्स्ट' दाबून पोचता येतं.

एव्हीआय पुढं सरकतच नसेल, 'गोटू' दाबल्यावर काहीच होत नसेल, तर तिची अनुक्रमणिका तुटलेली आहे. डाउनलोड अर्धवट झालं किंवा पेन ड्राइव्ह 'इजेक्ट' न करता ओढला, की असं होतं. व्हीएलसीमध्ये उघडली की तो दुरुस्त करू का म्हणून विचारतो, पण ती दुरुस्ती तेवढ्यापुरतीच. अव्हिडेमक्समध्ये उघडून चित्र आणि आवाज दोन्ही 'कॉपी' ठेवून पुन्हा सेव्ह करा, दोन मिनिटांचं काम आहे.

शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्याची फाइल असेल तर ती इंटरलेस्ड असू शकते, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत (फील्डमध्ये) भरलेलं. डीव्हीडी करताना तशीच राहू द्या, डब्बा टीव्हीला तीच आवडते. फक्त फील्डचा क्रम बरोबर हवा. जुन्या डीव्ही कॅमेऱ्याचा खालची ओळ आधी, एचडी कॅमेऱ्याचा वरची ओळ आधी. उलटा पडला तर दंडारीतला नाच थरथरत दिसतो. ३५२ उंचीची एव्हीआय करायची असेल तर आधी डीइंटरलेस (दोन्ही भाग एकत्र) करा, मगच आकार बदला.

मेळघाट_शिक्षिका
शाळेसाठी विचारते. बोलणं कोरकूत आहे, खाली मराठी ओळी हव्यात. एसआरटी, म्हणजे ओळींची फाइल, व्हिडिओच्याच नावानं ठेवली, तर इंग्रजी ओळी येतात, मराठीच्या जागी नुसती चिन्हं. सेटिंगमध्ये काही करता येईल का?

डागकाम
नाही ताई. प्लेअरच्या आत देवनागरी फॉन्टच नसतो, आणि असता तरी काना-मात्रा-जोडाक्षरं जुळवायची अक्कल त्याच्यात नाही. ओळी चित्रातच भाजून घ्याव्या लागतात, म्हणजे बदलताना 'सबटायटल बर्न' करायचं. एसआरटी यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, फॉन्ट निर्मला यूआय किंवा मंगल निवडा. आधी एक मिनिटाचा तुकडा करून पाहा. काही प्रोग्राम 'र्‍या' आणि 'त्र' फोडून टाकतात, पूर्ण फाइल झाल्यावर ते दिसलं तर तासभर गेला समजा.

अक्षरं मोठी ठेवा. ३५२ उंचीच्या चित्रात २४ पेक्षा लहान अक्षर मागच्या बाकावरून वाचता येत नाही. आणि ओळ खालच्या काठाला चिकटवू नका. डब्बा टीव्ही चारही बाजूंनी साधारण पाच टक्के चित्र कडेच्या आत दडवतो. उंचीच्या दहा टक्के वर ओळ ठेवा. पिवळी अक्षरं, काळी कड.

पूर्णाखोरे
कोरकू आणि मराठी दोन्ही आवाज देता येत असतील तर व्हिडिओ-डीव्हीडीत ती सोय आहे. एका चित्राला आठ आवाजांपर्यंत जागा असते, रिमोटवरच्या 'ऑडिओ' बटणानं बदलतात. डीव्हीडीस्टायलरमध्ये त्याच व्हिडिओला दुसरी आवाजाची फाइल जोडायची. डीव्हीडीचे सबटायटल हे अक्षर नसून छोटी चित्रं असतात, त्यामुळं तिथं मराठी ओळी बटणानं चालू-बंदही करता येतात. शाळेसाठी हा मार्ग सगळ्यात चांगला, मेहनत थोडी जास्त आहे.

मोर्शीकर
डीव्हीडी करून पाहिली. कॉम्प्युटरवर चालते. प्लेअरवर 'नो डिस्क'. दुकानातली व्हीसीडी मात्र त्याच प्लेअरवर चालून राहिली.

डागकाम
याची तीन कारणं संभवतात, या क्रमानं पाहा.

पहिलं, डिस्क बंद केली का? रायटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'फायनलाइझ' किंवा 'क्लोज डिस्क' असतं. ते झालं नाही तर कॉम्प्युटर वाचतो, प्लेअर वाचत नाही.

दुसरं, लिहिण्याचा वेग. १६ एक्सच्या डिस्कवर ४ किंवा ८ एक्सनं लिहा, आणि 'व्हेरिफाय' चालू ठेवा. डीव्हीडी-आर घ्या, जुन्या प्लेअरांना ती डीव्हीडी+आरपेक्षा सहसा जास्त रुचते. आरडब्ल्यू नको, तिच्यावरून उजेड कमी परततो. डिस्क लिहायला इमेजबर्न वापरत असाल तर 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरच द्या, तो फाइल सिस्टिम आपोआप बरोबर लावतो.

तिसरं, लेन्स. व्हीसीडी चालते अन् डीव्हीडी नाही, ही खूण महत्त्वाची आहे. सीडी वाचायचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, दोन्ही वेगळे. डीव्हीडीचा आधी थकतो. दुकानातली छापील डीव्हीडी लावून पाहा. ती चालली तर लेन्स मळलेलं आहे किंवा तुमची डिस्क कच्ची आहे. तीही चालली नाही तर लेझर गेला असण्याची शक्यता मोठी.

आपल्याकडे कापसाचे तंतू आणि उन्हाळ्याची बारीक धूळ लेन्सवर बसते. प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून नाही. झाकण उघडताना पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरला हात लावू नका, त्यात ३०० व्होल्टच्या वर भार उरलेला असू शकतो. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब, लेन्सवर हलक्यानं एक फेरा, मग कोरड्या काडीनं एक. दाबू नका, लेन्स तारांवर तरंगत असतं. अत्तर (कोलन), पेट्रोल, थुंकी काही नको, लेन्स प्लास्टिकचं आहे. उघड्या प्लेअरला वीज देऊन लेझरमध्ये डोकावू नका.

झाकण उघडलंच आहे तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटरही नजरेनं पाहून घ्या. ५ व्होल्टच्या लाइनवरचा, बहुधा १,००० मायक्रोफॅरडचा, माथ्यावर फुगला असेल तर यूएसबी मधेच तुटते, डिस्प्ले लुकलुकतो, प्लेअर स्वतःच बंद-चालू होतो. आपल्याकडच्या व्होल्टेजच्या चढउतारानं आणि गरमीनं हा लवकर जातो. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा, १०५ डिग्रीचा बसवा. ध्रुव उलटा लागता कामा नये. डागकामाची सवय नसेल तर दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या.

बनवलेल्या डिस्क उन्हात, गाडीच्या काचेमागं ठेवू नका. लिहिलेल्या डिस्कमध्ये रंगाचा थर असतो, मे महिन्याच्या उन्हात तो खराब होतो. वरून कागदी लेबल चिकटवू नका, तोल जाऊन डिस्क हेलकावे खाते. पुसायची असेल तर मधून बाहेरच्या दिशेनं, गोल गोल नाही.

वैनगंगाकाठ
चित्र अचानक पूर्ण गायब झालं आणि आवाज येत असेल तर घाबरू नका. कोणीतरी रिमोटवर 'व्ही-मोड' किंवा 'पी-स्कॅन' दाबलेलं असतं. प्लेअर दुसऱ्या जोडणीवर जातो आणि पिवळ्या वायरीत काही येत नाही. तेच बटण पुन्हा पुन्हा, दर वेळी दोन-तीन सेकंद थांबून दाबा. चित्र काळं-पांढरं येत असेल किंवा वर सरकत असेल तर सेटअपमध्ये टीव्ही सिस्टिम एनटीएससी झाली आहे, पाल करा. लोक उभे-लांबट दिसत असतील तर टीव्ही टाइप १६:९ वर आहे, डब्ब्यासाठी '४:३ लेटरबॉक्स' हवं. आवाज फक्त डीव्हीडीला येत नसेल तर डिजिटल आउटपुट 'रॉ' वरून 'पीसीएम' करून पाहा.

वर्धा_नदी
एवढं करण्यापेक्षा एचडीएमआय असलेला छोटा मीडिया प्लेअर आणि एक कन्व्हर्टर घेतला तर एच.२६४ थेट चालेल ना?

पूर्णाखोरे
चालेल, आणि ज्यांच्याकडे रोज नव्या फायली येतात त्यांनी तेच करावं. घेताना 'एचडीएमआय टू एव्ही' असाच मागा. 'एव्ही टू एचडीएमआय' दिसायला सारखा असतो, पण उलट्या दिशेचा, आणि तो एकदिशाच चालतो. कन्व्हर्टरला ५ व्होल्टचा चार्जर वेगळा लागतो. फुकट वाहिन्यांचा एमपेग-४ सेट टॉप बॉक्स घरात असेल तर आधी त्याच्या यूएसबीत पेन ड्राइव्ह लावून पाहा. अनेक बॉक्स एच.२६४ फायली तशाच चालवतात, मग पैसे खर्च करायची गरजच नाही.

मोर्शीकर
लेन्स पुसल्यावर डीव्हीडी चालली. आता व्हीएलसीत पाहिलेलं लिहितो. भजनाची फाइल: एच२६४, १९२० बाय १०८०, आवाज एएसी. छाटणीची: एच२६४, ७२० रुंद १२८० उंच, मोबाइल उभा धरून काढलेली, वेग २९.८७. ही उभी फाइल ६२४ बाय ३५२ केली तर माणूस आडवा ताणला जाते.

वैनगंगाकाठ
भजनाची सरळ ६२४ बाय ३५२, वर लिहिल्याप्रमाणे. उभ्या फाइलला ताणू द्यायचं नाही. डब्बा टीव्ही ४:३ आहे, म्हणून चौकट ६४० बाय ४८० घ्या. चित्र आत २७० बाय ४८० असं बसवा, दोन्ही बाजूंना १८५ ची काळी पट्टी. फॉरमॅट फॅक्टरीत गुणोत्तर 'मूळ ठेवा' असं निवडलं की तो पट्ट्या स्वतः टाकतो. वेग ३० ठेवा, २५ केला तर कात्रीची हालचाल अडखळेल. छाटणीत नेमका काप कुठं आणि किती तिरपा घेतला हेच पाहायचं असेल तर वरचा-खालचा भाग कापून हात आणि फांदी एवढंच ठेवा. ७२० बाय ५४० चा तुकडा काढून तो ६४० बाय ४८० केला की चौकट पूर्ण भरते आणि काप दुपटीपेक्षा मोठा दिसतो.